फास्टिंग वाढलं म्हणून पथ्य वाया गेलं असं नाही

तुमच्या डायबेटिसच्या रिपोर्टबद्दल तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. चार महिने साखर बंद, भात अर्ध्यावर, रोजचं चालणं, ६ किलो वजन उतरलं, आणि एवढं करून फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) ११८ चं १२८ आलं, पीपी (जेवणानंतर दोन तासांची साखर) १२१ म्हणजे फास्टिंगपेक्षाही कमी, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १४२, म्हणून तुम्ही म्हणताय सगळ्यावर पाणी पडलं. आणि त्याच कागदावर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) ७.९ वरून ६.८ आलंय ते मात्र तुम्ही शेवटी एका ओळीत उरकून टाकलंय! अहो, खरी बातमी तर तीच आहे.

मला डायबेटिस होऊन ११ वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मीपण फास्टिंगच्या आकड्यावरच काढली. सकाळी कमी आलं की खुशीत, जास्त आलं की दिवसभर घरच्यांवर चिडचिड. नंतर हळूहळू डोक्यात शिरलं की उपाशीपोटीची साखर ही आपण काय जेवलो त्यापेक्षा रात्रभर आपल्या लिव्हरने काय केलं तेच जास्त सांगते. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन वाढतात, लिव्हर साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडतं, ज्याचं इन्सुलिन नीट काम करतं त्याला याचा पत्ताही लागत नाही, आपल्याला मात्र तो आकडा दिसतो. त्यात झोप झाली नाही, सर्दी-ताप असला, कुठे दुखत असलं तर अजून भर. मी एकदा हट्टाने आठवडाभर रात्रीचं जेवण तेच ठेवून रोज सकाळी त्याच वेळेला मोजलं, तर ११२ पासून १३१ पर्यंत फिरत होतं, काहीही न बदलता. तेव्हा तुमचे ११८ आणि १२८ म्हणजे दोन वेगवेगळ्या सकाळचे दोन फोटो, त्यावरून चार महिन्यांच्या पथ्याला नापास करू नका. १२८ चांगलं आहे असंही म्हणत नाही, फास्टिंग साधारण ८० ते १३० मध्ये ठेवा असं सांगतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात. पण फास्टिंग सगळ्यात शेवटीही हलू शकतं, माझं तसंच झालं.

पीपी फास्टिंगपेक्षा कमी आलं म्हणून लॅबवर शंका घेतलीत, पण हे होतं. सकाळचा तो लिव्हरचा जोर ओसरलेला असतो, जेवणामुळे इन्सुलिन सुटलेलं असतं, आणि जेवणात पिष्ट कमी असलं तर दोन तासांत साखर खाली येऊन बसते. फक्त दोन गोष्टी बघा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि त्या दिवशी रोज जेवता तेच जेवलात ना? टेस्ट आहे म्हणून दोन घास कमी खाणारे खूप बघितलेत (मी स्वतः केलंय), मग कागद सुंदर येतो आणि कळत काहीच नाही. पथ्याचा निकाल बघायचा तर घरच्या मीटरवर जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. चढ ३०-४० च्या आत राहिला तर ते जेवण मला झेपतं असं मी धरते, हा माझा हिशोब आहे, पुस्तकातला नाही. एकदा संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर मीटरवर २४३, धाबंच दणाणलं, साबणाने हात धुऊन दुसरं बोट टोचलं तर १३१. सालीचा रस बोटाला लागला होता, बाकी काही नाही. हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. आणि चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यामुळे लॅबचं १२८ आणि घरचं १३८ यावरून भांडण नको.

आता एचबीए१सी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला चिकटते, ते चिकटलेलं किती टक्के हे मोजतात. म्हणजे दोन-तीन महिन्यांचा हिशोब, त्यात शेवटच्या महिन्याचं वजन जास्त. याची सरासरी साखर काढायची रीत सोपी आहे, २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. तुमचं ७.९ म्हणजे सरासरी १८०, आणि ६.८ म्हणजे साधारण १४८. दिवसरात्र मिळून सरासरीच ३२ ने उतरलीय आणि तुम्ही एका सकाळच्या १० साठी रडताय! मात्र पुढच्या वेळी ६.८ चं ६.९ किंवा ६.६ झालं तर नाचूही नका आणि रडूही नका, इतका फरक टेस्टमध्येच इकडेतिकडे होतो.

पण हा आकडासुद्धा फसवतो. सहा वर्षांपूर्वी मीटरचे आकडे लिहायच्या माझ्या वहीतली सरासरी १२५-१३० च्या आसपास होती आणि एचबीए१सी आलं ७.१, म्हणजे सरासरी १५७ हवी. मी पथ्य अजून आवळलं, चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी वही शेजारी ठेवून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, पाळी फार जाते का? हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि काही महिन्यांनी तेच जेवण जेवून ६.५ आलं. उलटंही होतं, रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी येतं. म्हणून वही आणि एचबीए१सी जुळत नसतील तर आधी हिमोग्लोबिन बघा, मग स्वतःला दोष द्या.

कोलेस्टेरॉलचं मला खरं तर सगळ्यात जास्त सांगायचं होतं. तुमचे सगळे आकडे मांडते. आधी टोटल २०८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. आता टोटल २१५, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३५. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. करून बघा. आधी २०८ वजा ४२ वजा ४८, आलं ११८. आता २१५ वजा ४६ वजा २७, आलं १४२. म्हणजे तुमच्याही लॅबने हेच केलंय. ट्रायग्लिसराइड उतरल्यामुळे वजा होणारा आकडाच ४८ वरून २७ वर आला, एलडीएलची बरीचशी वाढ तिथेच आहे. शिवाय ट्रायग्लिसराइड जास्त असताना हे गणित एलडीएल कमी दाखवतं, तेव्हा तुमचं जुनं ११८ पण फार भरवशाचं नव्हतं. त्यापेक्षा टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, याला नॉन-एचडीएल म्हणतात. आधी १६६, आता १६९. हललंच नाही म्हणा ना. ट्रायग्लिसराइड २४० वरून १३५ ही मात्र पथ्याची खरी कमाई, पिष्ट आणि साखर कमी केली की ते पटकन उतरतं.

पण म्हणून निवांत बसू नका. डायबेटिसवाल्यांना एलडीएल निदान १०० च्या खाली सांगतात, हृदयाचा त्रास असेल तर त्याहून खाली, आणि १४२ हे जास्तच आहे. भात कमी करून त्या जागी लोणी, चीज, मलई आली असेल तर ती कमी करून कडधान्यं, सुकामेवा, तेल असं बघा. स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, डॉक्टरांशी बोला, गोळी लागली म्हणजे पथ्य हरलं असं काही नसतं.

तुमच्या यादीत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) दिसलं नाही, किडनीसाठी ते वर्षातून एकदा हवंच, क्रिएटिनिन (किडनीचीच रक्ताची टेस्ट) नॉर्मल आहे म्हणून सोडू नका, कारण ते उशिरा बोलतं. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन जास्त येऊ शकतं, तेव्हा एकदा वाढलेलं दिसलं तर पुन्हा करून घ्यायचं.

"६.८ म्हणजे डायबेटिस रिव्हर्स झाला का" हेही विचारलंत. नाही. २०२१ मध्ये ठरलेल्या व्याख्येप्रमाणे साखरेच्या गोळ्या बंद करून निदान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली हवं. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण त्यांची नावं इथे लिहा, ती तुम्ही लिहिलेलीच नाहीत. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर घाई नाही, वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा एवढंच. ग्लिमेपिराइडसारखं, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं, काही असेल आणि जेवण इतकं कमी केलं असेल तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, थरथर, घाम, अचानक भूक असं होत असेल तर त्याच वेळी मोजा आणि डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) असेल तर पिष्ट अजून कमी करण्याआधी विचारा, कारण त्यात साखर फार वाढलेली नसतानाही कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून माणूस दवाखान्यात पोचू शकतो, उलट्या, पोटात दुखणं, धाप असं काही झालं तर मीटर १८० दाखवतोय म्हणून घरी थांबायचं नाही.