स्वस्तातल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह परफॉर्मन्स गाड्या खरंच पैसा वसूल असतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, रोज ऑफिसला गाडी लागते, महिन्यातून एखाद-दोनदा ताम्हिणी उतरून कोकणात गावी जाता आणि ऑन-रोड बजेट १४ लाख आहे. टर्बो पेट्रोल हॅचबॅक मनात भरलीय, पण मित्र म्हणतात, "पुढची चाकं ओढणारी गाडी कसली स्पोर्ट्स? त्यापेक्षा एसयूव्ही घे."

माझ्या मते अशी गाडी पैसा वसूल असते, फक्त एक अट आहे. नेहमीच्या मॉडेलपेक्षा तिचं सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक खरोखर वेगळे हवेत. नुसते लाल पट्टे, काळं छत आणि दोन तोंडांचा सायलेन्सर यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आधी मित्रांच्या मुद्द्याबद्दल. आपल्याकडे मागची चाकं ओढणारी स्वस्त गाडी म्हणजे ईको किंवा बोलेरो. तशी परफॉर्मन्स गाडी हवी तर थेट बीएमडब्ल्यूच्या दारात जावं लागतं. तेव्हा या बजेटमध्ये फ्रंट की रिअर हा प्रश्नच उरत नाही. शिवाय फ्रंट व्हील ड्राइव्ह ही काही तडजोड नव्हे. इंजिन आडवं बसतं, मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत शाफ्ट न्यावा लागत नाही, मागे डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा संच) लागत नाही. वजन आणि खर्च दोन्ही वाचतात, आत जागा वाढते. मिनी कूपरनं १९६४, १९६५ आणि १९६७ ची मोंटे कार्लो रॅली याच मांडणीवर जिंकली. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये ११० पीएस (इंजिनाची ताकद, साधारण हॉर्सपॉवरइतकीच) होते आणि वजन ८०० किलोच्या आसपास. हॉट हॅचबॅक, म्हणजे रोजच्या वापराची पण वेगवान हॅचबॅक, हा प्रकार जगभर रुजला तो या गाडीमुळे.

मर्यादा आहे, पण ती कुठे सुरू होते ते बघा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीचं वजन मागे सरकतं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. ताम्हिणीत पावसात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना पाय जरा घाईनं दाबा. आतलं चाक जागच्या जागी फिरू लागतं, स्टिअरिंग हाताला हिसका देतं, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा फडफडतो आणि नाक वळणाबाहेर जायला बघतं. पाय किंचित उचलला की गाडी लगेच रेषेवर येते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण चूक झाली तरी ती सावरण्यासाठी करायची कृती माणूस घाबरल्यावर आपोआप करतोच. १२० पीएस पुढच्या दोन टायरना सहज पेलतात. त्याच्या दुपटीपुढे गेलं की मात्र खास डिफरन्शिअल लागतं. नव्या गोल्फ जीटीआयमध्ये २६५ पीएस आहेत, तिथे ते दिलेलंही आहे. पण ती गाडी २०२५ मध्ये आपल्याकडे आली तीच ५३ लाखांना.

आता पैशांचं गणित. आपल्याकडे परवडणारी वेगवान गाडी कशी असावी हे बऱ्याच अंशी कर ठरवतो. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्याबाहेर ४० टक्के. म्हणून सगळ्या कंपन्या १.० किंवा १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावतात. २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो आठवा. १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत १० लाखांच्या आत. पण इंजिन १३६८ सीसी, त्यामुळे लांबी ४ मीटरच्या आत असूनही छोट्या गाडीच्या कराची सवलत तिला मिळाली नाही. इतकं सगळं त्या किमतीत नव्या गाडीत पुन्हा मिळालेलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

छोट्या इंजिनाचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो, पीएसवर नाही. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनचं (साध्या आय२० ची स्पोर्टी आवृत्ती) इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे १२० पीएस असूनही हप्ता अल्टोच्याच गटातला. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के आहे, तोही हिशेबात धरा.

माझी अट नीट कळायला याच गाडीचं उदाहरण चांगलं आहे. २०२१ मध्ये एन लाइन आली तेव्हा साध्या आय२० टर्बोतही तेच इंजिन होतं, ताकदही तेवढीच. कागदावर बघणारे म्हणाले, जास्तीचे पैसे कशाला? पण सस्पेन्शन कडक केलं होतं, स्टिअरिंग हाताला जरा जड लागेल असं केलं होतं आणि मागेही डिस्क ब्रेक होते. घाट उतरताना लागोपाठच्या वळणांवर नेमकं हेच कामी येतं. २०२४ च्या टाटा अल्ट्रोझ रेसरमध्ये साध्या अल्ट्रोझ टर्बोपेक्षा १० पीएस जास्त आणि सहा गिअर होते. तोही खरा, यांत्रिक फरक. याउलट २०१६ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटीआय पूर्ण आयात होऊन २५.९९ लाखांना आली. गाडी उत्तम होती, १९२ पीएसची. पण छोट्या हॅचबॅकला तेवढी किंमत म्हणजे पैसा वसूल नव्हे. पुढच्याच वर्षी कंपनीला ती सहा लाखांनी उतरवावी लागली.

खर्च कुठे वाढतो? टायरमध्ये. पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकिंगचा जास्त भारही तीच घेतात, त्यामुळे ती लवकर झिजतात. पुढचे-मागचे टायर वेळच्या वेळी अदलाबदल करा, अलाइनमेंट टाळू नका, आणि बदलायची वेळ आली की स्वस्त टायर घालू नका. चांगले टायर घालून जो फरक पडतो तो रीमॅपनं (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्यानं) पडत नाही. रीमॅप केलात तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. मायलेजची मोठी आशा धरू नका. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये टर्बो पेट्रोल पिते, यात शंका नाही. त्याच ट्रॅफिकमुळे ड्राय क्लच (तेलात न बुडालेला) असलेली ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मी तुम्हाला सुचवणार नाही. पावलापावलानं सरकताना तो क्लच तापतो आणि वॉरंटी संपल्यावरची दुरुस्ती महाग पडते.

तुमच्या वापराला मी एन लाइनचा सहा गिअरचा मॅन्युअल घेईन. त्याच किमतीच्या एसयूव्हीत उंच बसायला मिळेल, पण घाटातल्या वळणांवर ती जास्त कलते. तुमच्या गावचा शेवटचा रस्ता कच्चा किंवा खड्ड्यांचा असेल तर मात्र मित्रांचं ऐका, कारण कडक सस्पेन्शन आणि कमी उंची तिथे रोजचा त्रास होईल. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर देतील. तुम्ही आग्रह धरून गाडी खराब रस्त्यावर न्या आणि गावी नेहमी सोबत येणाऱ्यांना मागच्या सीटवर बसवा.