अॅसिडमध्ये न बुडवता बर्न कळेल का?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत हार्डन केलेले शाफ्ट ग्राइंड करतो, जॉब चकचकीत दिसतो तरी कस्टमर बर्न (ग्राइंडिंगच्या उष्णतेनं वरचा थर जळणं) म्हणून परत पाठवतो. नायटलशिवाय (अॅसिडमध्ये बुडवून बर्न बघायची टेस्ट) काही उपाय? – एक वाचक, सांगली

उत्तर: आहे की, बार्कहाउझेन नॉइज टेस्ट. जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेननं १९१९ मध्ये दाखवलेलं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं की स्टीलमधली चुंबकता झटक्याझटक्यानं बदलते, त्या झटक्यांची खरखर सेन्सर पकडतो. ग्राइंडिंगच्या उष्णतेनं वरचा थर मऊ पडतो, त्यात ओढीचा ताण येतो, मग सिग्नल वाढतो. पण गंमत बघा, फारच जळून कातडी परत हार्ड झाली तर तिथं सिग्नल उलट कमी होतो, त्यामुळं कमी आकडा बघून खूश होऊ नका, सेन्सर आजूबाजूला पण फिरवा. सेटिंगला एक चांगला आन् एक मुद्दाम जाळलेला पीस लागतो, आणि ते दोन्ही खात्रीचे आहेत का हे बघायला नायटल लागणारच बरं का!