गडचिरोली जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं मार्कंडा हे जुन्या मंदिरांचं ठिकाण बघायला महाशिवरात्रीला जावं की एरवी?

मूर्तिकाम बघायचं असेल तर महाशिवरात्री टाळा आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर पोहोचा. जत्राच अनुभवायची असेल तर मात्र महाशिवरात्रीलाच या. मी चामोर्शी तालुक्यातलाच, दोन्ही वेळा बघितल्या आहेत. जत्रेत वैनगंगेत स्नान करून दर्शनाच्या रांगेत लागणारी गर्दी इतकी असते की भिंतीवरची शिल्पं नीट बघायला उभंच राहता येत नाही. एरवी आवारात शांतता असते. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा कोरीवकाम सगळ्यात उठून दिसतं. लोक याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात, पण मला ही तुलना पटत नाही. नदी इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, क्षेत्राला एवढा मान आहे तो त्यामुळे, आणि ते वळण घाटावर उभं राहूनच बघण्यासारखं आहे.

एक लक्षात घ्या: मुख्य मार्कंडेश्वर मंदिराच्या डागडुजीसाठी पुरातत्त्व खात्याने दगड उतरवले होते. काम कुठवर आलंय ते निघण्याआधी विचारा, नाहीतर हिरमोड होईल. आवारातली लहान मंदिरंही मात्र चुकवू नका.

गडचिरोलीहून चामोर्शीपर्यंत एसटी, पुढे ऑटो. जेवण चामोर्शीतच उरकून घ्या. पावसाळ्यात पात्रात उतरू नका, नदीवर वरच्या बाजूला असलेल्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पाणी चढतं.