काळं कधी चालतं?

प्रिय चिऊ,

परवा जेवताना तू विचारलंस आणि मी नेहमीसारखं ‘असंच असतं गं’ म्हणून वरण वाढलं. ते काही उत्तर नव्हतं, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलंच. म्हणून आज जरा पांढऱ्यावर काळं करते आहे.

तुझा प्रश्न असा होता: मामाच्या लग्नात आजीनं तुझा काळा ड्रेस बदलायला लावला, ‘शुभकार्यात काळं नको’ म्हणाली. आणि संक्रांतीला तिनंच पुण्याहून खणाचं काळं परकर-पोलकं पाठवलं. मग काळा शुभ की अशुभ? त्यात तुमच्या चित्रकलेच्या वर्गातला तो तक्ता: पिवळा म्हणजे आनंद, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख.

तक्त्याचं आधी उरकते. इथे थंडीत निम्मी ट्राम काळ्या कोटात बसलेली असते. ती सगळी माणसं सुतकात आहेत का? तुझ्या भिंतीवर जे बारा रंगांचं चक्र आहे, ते योहानेस इटेन या स्विस चित्रकाराचं, त्याच्या १९६१ सालच्या पुस्तकातलं. त्याचं मला पटणारं काम वेगळं आहे. एक रंग दुसऱ्याशेजारी ठेवला की काय होतं, हे त्याने सात प्रकारच्या विरोधांतून दाखवलं. त्यातला एक उजेड-अंधाराचा. तो लक्षात ठेव, संक्रांतीला लागणार आहे.

संक्रांतीला काळं का, तर काळा रंग ऊन शोषतो आणि जानेवारीत थंडी असते, असं सगळे सांगतात. खोटं नाही. पण सुती पोलक्यानं अशी किती ऊब मिळणार? त्यापेक्षा आजीची शाल बरी. मला विचारशील तर खरी गंमत हलव्यात आहे. माझी आई हलवा घरी करायची. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि चमच्यानं थेंब थेंब साखरेचा पाक. बोटांनी हलवत राहायचं. तास दीड तास काहीच होत नाही, मग हळूच दाण्यांना काटे फुटायला लागतात. बोटांची सालं निघायची तिची. तो पांढराशुभ्र काटेरी हलवा दोऱ्यात ओवून त्याचे हार, बांगड्या, बिंदी करायची, नव्या सुनेसाठी नाहीतर बाळाच्या बोरन्हाणासाठी. आता सांग, हे दागिने पिवळ्या साडीवर कुणाला दिसले असते? काळ्या चंद्रकळेवर ते चांदण्यांसारखे उठतात. इटेनचं नावही न ऐकलेल्या बायकांना हे ठाऊक होतं.

लग्नातलं सांगते. तुझा ड्रेस काळा म्हणून बदलला, आणि त्याच मांडवात मामीच्या गळ्यात काळे मणी पडले. मंगळसूत्र! बघितलंस ना? बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, तीही काळी. आपल्याकडे काळा हा राखणदार आहे. नजर आधी त्याच्यावर पडावी, म्हणून त्याला थोडासा, एका ठिकाणी ठेवायचा. शुभकार्यात अंगभर मिरवायला मात्र बंदी. आजीचा नियम एवढाच आहे, फक्त तिला तो असा सांगता येत नाही.

आणि शेतकऱ्याला विचार. गावात घरं असतात ती जागा ‘पांढरी’, आणि पिकतं ती जमीन ‘काळी’. काळी आई म्हणतात तिला. पंढरपूरचा विठोबा काळा. माझ्या आजोळी काळीवरून भांडणं झाली, पण तिला अशुभ म्हणालेलं मी कुणाला ऐकलं नाही.

लालचं थोडं अवघड आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं, मी साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. तू किंचाळलीस, ‘रक्त!’ रक्त नव्हतं, कुंकू होतं ते, जवळजवळ. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत लाल होतं. पारंपरिक कुंकू असंच करतात, हळदीला चुना किंवा टाकणखार लावून. म्हणजे हळद आणि कुंकू या दोन डब्या असल्या तरी मूळ एकच. डागावर लिंबू पिळलंस तर पुन्हा पिवळा होईल, करून बघ.

हे कुंकू आणि हिरव्या बांगड्या सवाष्णीच्या. माझे आजोबा गेल्यावर माझ्या आजीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, मी दारात उभी होते, तुझ्याएवढी. नंतर आमच्याकडे हळदीकुंकू असलं की ती स्वयंपाकघरात बसायची. ‘मला काय करायचंय बाहेर,’ म्हणायची. तिच्याही आधीच्या पिढ्यांत ब्राह्मण घरांतल्या विधवांचं केशवपन करून त्यांना आलवण नेसवत, आणि आलवणाचा रंग तांबडा. कपाळावरचा लाल पुसायचा आणि अंगभर लाल गुंडाळायचा! रंग काय तोच, कुणी कुठे लावायचा हे दुसऱ्यांनी ठरवलेलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. माझी आजी तोवर राहिली नव्हती.

तुझ्या चक्रात नारिंगी एकच घर आहे. मराठीत ‘नारिंगी’ म्हणालं की संत्रं डोळ्यांपुढे येतं, ‘केशरी’ म्हणजे श्रीखंड, ‘शेंदरी’ म्हणजे मारुती, आणि ‘भगवा’ म्हणजे वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका. मारुतीला कुणी भगवा माखत नाही. निळ्याचंही तसंच: १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथे दीक्षाभूमीवर आजही माणसं पांढरेशुभ्र कपडे घालून येतात आणि वर निळे झेंडे असतात. तुझ्या तक्त्यात निळा म्हणजे ‘शांत’. ‘जय भीम’च्या घोषणेत उभी राहा एकदा, मग सांग शांत वाटतो का.

अरे हो, नवरात्राचे नऊ रंग. आजी दर वर्षी फोटो पाठवते ना, आज पिवळा, उद्या हिरवा? ते पुराणातलं वगैरे काही नाही, वर्तमानपत्रांनी रुळवलेलं आहे, माझ्या लहानपणी नव्हतं. बराचसा वारावर चालतो तो हिशेब: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा. पण लोकलच्या डब्यात अनोळखी बायका एका रंगात दिसल्या की छान वाटतं, त्यामुळे मी त्याच्याविरुद्ध बोलत नाही.

मे महिन्यात मावशीकडे मुंज आहे. तो काळा ड्रेस घे बॅगेत. मुहूर्ताला नको, उगाच आजीचा जीव खालीवर. संध्याकाळी घाल, आणि तिनं पाहिलं की तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांबद्दल विचार. काय म्हणते ते मला हळूच येऊन सांग.

शर्ट धुऊन खिडकीत टाकलाय. हळदीचा डाग उन्हानं उडतो. इथे गेले चार दिवस ऊनच नाही.

तुझी,
आई