रिसीव्हर बदलावा की जोडणी?

प्रश्न : माझ्याकडे २०१२ साली घेतलेला होम थिएटरचा ५.१ चॅनेलचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना आवाज पुरवणारा) रिसीव्हर असून त्याचा आवाज आजही समाधानकारक आहे. नुकताच फोर-के टीव्ही आणि फोर-के डिस्क प्लेअर घेतला. मात्र प्लेअर रिसीव्हरमार्फत जोडला की पडदा काळा राहतो किंवा चित्र कमी स्पष्ट येते. ‘११०० वॅट’चा नवा रिसीव्हर घ्यावा, असे विक्रेता सुचवतो. आपले मत काय?

उत्तर : आपल्या रिसीव्हरचा ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे, कालबाह्य झाली आहे ती त्याची एचडीएमआय जोडणी. फोर-के चित्रपटांच्या नकला निघू नयेत म्हणून एचडीसीपी २.२ ही संरक्षणप्रणाली वापरतात, आणि प्लेअरपासून टीव्हीपर्यंत वाटेत असलेल्या प्रत्येक उपकरणाला ती ओळखता यावी लागते. आपला रिसीव्हर तिच्या आधीचा असल्याने चित्र तिथेच अडते. तेव्हा चित्राची वाट रिसीव्हरमधून काढून घ्यावी, म्हणजेच प्लेअर थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची सोय) लिहिलेल्या सॉकेटमधून निघणारी केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटपुटमध्ये लावावी. आवाज रिसीव्हरकडे येणार असला तरी केबल आउटपुटमध्येच लावायची असते. अनेकजण ती इनपुटमध्ये लावतात आणि रिसीव्हर बिघडला असे समजतात. दोन्ही उपकरणांतील एचडीएमआय कंट्रोल (केबलमार्फत उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू ठेवावे. रिसीव्हरला एआरसीची सोय नसेल, तर ऑप्टिकल केबल चालेल. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ते ‘बिटस्ट्रीम’ करावे, अन्यथा फक्त स्टीरिओ आवाज पोहोचतो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ ही अक्षरे उमटली की काम झाले असे समजावे.

या मार्गाने डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडीसारखा मूळ दर्जाचा ध्वनी मात्र मिळत नाही. आपल्या प्लेअरला दोन एचडीएमआय आउटपुट असतील (काही प्लेअरना असतात), तर एक टीव्हीला आणि दुसरे रिसीव्हरला जोडून तीही उणीव भरून काढता येते.

छताच्या दिशेचे स्पीकर लावून डॉल्बी ॲटमॉस (वरच्या दिशेनेही आवाज देणारी ध्वनिपद्धत) ऐकायचे असेल, तर नवा रिसीव्हर घेण्यास सबळ कारण आहे. घरगुती रिसीव्हरमध्ये ही सोय २०१४ पासून आली. नवा रिसीव्हर घेताना ‘ईएआरसी’ (एआरसीची सुधारित आवृत्ती) आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण तिच्यातून टीव्हीकडूनही मूळ दर्जाचा ध्वनी येऊ शकतो.

११०० वॅट हा आकडा बहुधा सर्व चॅनेलची बेरीज करून काढलेला असतो, आणि त्यातही प्रत्येक चॅनेल एकटा चालवून, १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातील विकृती) गृहीत धरून मोजलेला असतो. एवढ्या डिस्टॉर्शनचा आवाज कोणी हौसेने ऐकणार नाही. माहितीपत्रकात ‘दोन चॅनेल एकाच वेळी, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ’ अशी ओळ शोधावी; खरी ताकद तिच्यावरून कळते. शिवाय ५० वॅटचे १०० वॅट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. तितकाच फरक ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच ताकदीवर अधिक मोठा आवाज देणारे) स्पीकर घेतल्यानेही पडतो. माझ्या मते त्यापेक्षा खोलीनुसार आवाज जुळवणारी चांगली प्रणाली (ऑडिसी किंवा डिरॅक) आणि प्री-आउट सॉकेट यांवर खर्च करणे शहाणपणाचे, कारण प्री-आउट असल्यास पुढे केवळ ॲम्प्लिफायर जोडून ताकद वाढवता येते. या प्रणालीने खोलीची मोजणी केल्यावर सेटिंगमध्ये छोटे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खोल आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झच्या आसपास आहे ना, हे एकदा स्वतः तपासावे.

प्रश्न : माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि रिसीव्हरवर ‘किमान ६ ओहम’ असे लिहिले आहे. धोका आहे का?

उत्तर : ओहम (स्पीकरचा विद्युतरोध) जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरमधून विद्युतप्रवाह अधिक आणि उष्णताही अधिक. मर्यादित आवाजात बहुधा अडचण येत नाही, परंतु निर्मात्याने ४ ओहमला परवानगी दिलेली नसेल, तर ती जोखीम आपली. मोठ्या आवाजात रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला, तर ती संरक्षणयंत्रणेची सूचना समजून आवाज कमी करावा. रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नये आणि त्याच्या वर दुसरे उपकरण रचू नये.