दारातल्या टपालपेटीवर सरकारची सत्ता कशी?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत घरासमोरची टपालपेटी स्वतःच्या पैशाने घेतलेली असताना शेजाऱ्याने तीत हाताने निमंत्रण टाकणे बेकायदा कसे ठरते, आणि टपालावर तिथल्या संघराज्य सरकारचा अधिकार नेमका कुठवर पोहोचतो. न्यू जर्सीत आम्ही गणेशोत्सवाची पत्रके घरोघरच्या पेट्यांत टाकली होती. एका पोस्टमनने त्यांचा गठ्ठा रबर लावून आमच्या हातात परत दिला आणि प्रत्येक पत्रकाला तिकीट लागेल, असे शांतपणे सांगितले. तेव्हापासून हा विषय मी मनापासून वाचत आलो आहे.

अधिकाराचे मूळ राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमात आहे. टपाल कचेऱ्या आणि टपालमार्ग स्थापन करण्याची सत्ता तिथे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला दिली आहे; राष्ट्राध्यक्षांना नव्हे. मात्र घटनेआधी राज्यांना बांधणाऱ्या, 1781 साली लागू झालेल्या करारनाम्यात ही सत्ता केवळ मध्यवर्ती सरकारचीच, असे स्पष्ट लिहिले होते आणि 1787च्या घटनेत ते शब्द उरले नाहीत. 1844 साली लायसँडर स्पूनर यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवून स्वतःची स्वस्त खासगी टपालसेवा सुरू केली. काँग्रेसने 1845 मध्ये दर उतरवले आणि त्याच वेळी पत्रांवरील मक्तेदारीचा कायदाही कडक केला. आजही पार्सले कोणीही पोहोचवू शकतो; पत्राला मात्र खासगी कंपनीने साध्या तिकिटाच्या किमान सहापट दर घ्यावा लागतो किंवा त्याचे वजन साडेबारा औंसांपर्यंत जावे लागते.

राज्य सरकारांचे या कामात किती चालते, हे 1920च्या एका खटल्यात उत्तम दिसते. टपालाची सरकारी गाडी हाकणाऱ्या कर्मचाऱ्याला मेरीलँडने राज्याचा वाहन परवाना नाही म्हणून दोषी ठरवले होते. राज्याला अशी अट घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण चौकात गाडी कशी वळवावी यांसारखे सर्वांना लागू असलेले नियम त्यालाही लागू असू शकतात, हेही नमूद केले. मला हा निकाल फार समतोल वाटतो.

राष्ट्राध्यक्षांचा हात 1970च्या कायद्याने बराच दूर झाला. त्याआधी पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपालसेवेचे प्रमुख, मंत्रिमंडळात बसत; आता राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीने टपालसेवेच्या नियामक मंडळावर 9 गव्हर्नर (राज्यांचे गव्हर्नर नव्हेत) नेमतात आणि पोस्टमास्टर जनरलची निवड ते गव्हर्नर करतात.

सत्तेला मर्यादाही आहे, आणि माझ्या मते नागरिकासाठी तीच सर्वांत मोलाची आहे: बंद पाकीट टपालात पडले तरी वॉरंटशिवाय सरकारने ते उघडायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1878 मध्येच बजावले.

आता आपली पेटी. तिकिटाशिवाय तीत काही टाकण्यास 1934च्या कायद्याने बंदी केली. न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनबर्गच्या नागरिक संघटनांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तिला आव्हान दिले, पण 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. टपाल मिळवण्यासाठी पेटी वापरली की ती देशव्यापी टपालव्यवस्थेचा भाग होते, अशी न्यायालयाची भूमिका होती. दारालाच असलेल्या पत्रफटीला मात्र हा नियम लागू नाही, आणि पत्रक दाराशी ठेवायलाही या कायद्याची आडकाठी नाही. आम्ही पुढच्या वर्षी तसेच केले.