'देह' पापी, मग हाडे पवित्र कशी?

प्रश्न असा आला आहे : "ख्रिस्ती लोक देहाला पापाचे मूळ मानतात, मग मेलेल्या संतांची हाडे पवित्र कशी? पाप, देह, पवित्र हे शब्द तिथे आपल्याच अर्थाने येतात का?"

नाही, आणि खरी गडबड 'देह' या शब्दाची आहे.

बायबलाच्या नव्या करारातल्या ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'सोमा' म्हणजे शरीर. ज्याची पत्रे नव्या करारात आहेत तो प्रेषित पौल जेव्हा 'सार्क्स'बद्दल कडक बोलतो तेव्हा तो कातडी-हाडांवर चिडलेला नसतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने सार्क्सच्या कर्मांची यादी दिली आहे. तिच्यात जारकर्म आणि दारूबाजी आहेच, पण वैर, कलह, मत्सर, पक्षभेद हेही आहे. आता मत्सराला शरीर कशाला लागते? म्हणजे सार्क्स हा देवाकडे पाठ फिरवलेला सबंध माणूस, मनासकट. प्रचलित मराठी बायबलात इथे नुसते 'देह' न लिहिता 'देहस्वभावाची कर्मे' असे लिहिले आहे. भाषांतरकाराला मनापासून दाद द्यावी अशी ही जागा आहे. उलट योहानाच्या शुभवर्तमानात "शब्द देही झाला" असे येते, तिथेही मूळ शब्द सार्क्सच. मांस हेच पाप असते तर हे वाक्य लिहिण्याची कोणाची छाती झाली नसती.

आपल्याला 'देहस्वभाव' वाचून संतवाङ्मयातली 'देहबुद्धी' आठवते. शेजारी शब्द आहेत, पण सख्खे नव्हेत. देहबुद्धी म्हणजे 'मी देहच' असा भ्रम. ज्ञान झाले की तो सुटतो, आणि देहाचे पुढे काय होते याला महत्त्व उरत नाही. पौलाच्या मते उद्धार देहापासून नाही, देहाचाही आहे. "तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे" असे तो करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्रात बजावतो, आणि तिथे शब्द 'सोमा' आहे. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात बीज पेरल्यासारखे शरीर पेरले जाते आणि वेगळ्या रूपात उठवले जाते, असे तो सांगतो. प्रेषितांचा मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा जुना, थोडक्यातला जाहीरनामा; त्याचे लॅटिन तर आणखी ठसठशीत आहे : तिथे 'कार्निस', म्हणजे चक्क मांसाचे, पुनरुत्थान आहे. आत्म्याच्या अमरत्वावर भागवून घ्यायला तो रचणारे तयार नव्हते.

'पाप'बद्दल थोडक्यात. मराठीत पाप लागते, साठते, फेडावे लागते, त्याचा घडा भरतो, म्हणजे हिशेब. ग्रीक 'हमार्तिया' आणि हिब्रू 'खाता' या शब्दांच्या मुळाशी नेम चुकणे आहे. बायबलातल्या शास्ते या पुस्तकात (२०:१६) केसावर नेम धरूनही न चुकणारे ७०० डावखुरे गोफणवाले येतात, तिथे हेच हिब्रू क्रियापद आहे. पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे आपण शब्दवेडे लोक नेहमी विसरतो. पौलाकडे पाप हा माणसावर राज्य करणारा धनी आहे, आणि तो मजुरीही देतो : "पापाचे वेतन मरण आहे."

आता हाडे. आपले 'पवित्र' 'पू' धातूपासून, म्हणजे शुद्ध करण्यापासून आले. हिब्रू 'कादोश' मात्र देवासाठी वेगळे काढलेले या अर्थाकडे झुकते. जुन्या यहुदी नियमात प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध (गणना १९). आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी इथे मोठीच उलथापालथ केली. दुसऱ्या शतकात स्मुर्ना शहराचा बिशप पॉलिकार्प याला श्रद्धेपायी ठार मारून त्याचे शरीर जाळल्यावर त्याच्या अनुयायांनी त्याची हाडे रत्नांहून मोलाची म्हणून गोळा केली. जे शरीर आत्म्याचे मंदिर होते आणि पुन्हा उठायचे आहे, ते मधल्या काळात विटाळ कसे होईल, हा त्यामागचा तर्क. ७८७ च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, तर नव्या चर्चच्या अभिषेकाला असे अवशेष हवेतच असे ठरवले. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी हा सन्मान नाकारला, पण पुनरुत्थान नाकारले नाही. त्यामुळे 'ख्रिस्ती लोक हाडे पवित्र मानतात' हे विधान कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांपुरतेच खरे.

जाता जाता : 'संत' आणि 'सेंट' यांचे नाते नाही. आपला संत 'अस्' धातूच्या 'सत्'चा, तर सेंट लॅटिन 'सांक्तुस'चा. शिवाय पौलाच्या पत्रांत 'पवित्र जन' म्हणजे मेलेले महात्मे नव्हेत, तर करिंथची जिवंत, भांडकुदळ मंडळी. त्यांना पवित्र म्हणून तो पुढच्याच पानांत झापतो.

भाषांतर करताना या हाडांना 'अस्थी' म्हणू नका. मराठीत अस्थी म्हटले की पाठोपाठ विसर्जन येते, आणि इथे तर ती जपून ठेवायची आहेत. 'पवित्र अवशेष' बरा. अशा अवशेषांसाठीच्या लॅटिन 'रेलिक्विए' या शब्दाचा अर्थही 'मागे उरलेले' असाच आहे. आणि दफनभूमीसाठीचा 'सिमेटरी' हा शब्द ग्रीक 'कोइमेतेरिओन'वरून आला : झोपण्याची जागा.